दोन लाख फायली, एक तारीख

कुठल्याही जुन्या कंपनीत जा, तिथे एक शेअर्ड ड्राइव्ह असतोच. त्यात 'जुने' नावाचं फोल्डर असतं, त्याच्या आत 'जुने २' असतं, आणि त्याच्याही आत कुणाच्या तरी नावाचं एक फोल्डर असतं. तो माणूस कंपनी सोडून सहा-सात वर्षं झालेली असतात, पण ते फोल्डर डिलीट करायची हिंमत कुणी करत नाही. न जाणो, काही लागलं तर!

मग कधीतरी वरून फर्मान निघतं, की आता हा पसारा बास. सगळ्या फायली एका डॉक्युमेंट मॅनेजमेंट सर्व्हरवर न्यायच्या. तिथे शोधता येईल, कुणी काय बदललं ते कळेल, जुन्या आवृत्त्या राहतील, कुणी काय बघायचं ते ठरवता येईल. हे सगळं खरं आहे आणि चांगलंही आहे. राहता राहिला प्रश्न तो फायली इथून उचलून तिथे ठेवण्याचा. त्याला कुणी 'प्रश्न' म्हणतच नाही. शुक्रवारी रात्री सुरू करा, सोमवारी सकाळपर्यंत होऊन जाईल, असं म्हणून मीटिंग संपते.

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला नेटवर्कचे सात थर पाठ करायला लावले होते, पण एका ठिकाणच्या लाखभर फायली दुसऱ्या ठिकाणी कशा न्यायच्या यावर एकही तास झाला नाही. नोकरीला लागल्यावर मात्र वर्षातून एकदा तरी हे काम येतंच. म्हणून गेले काही शनिवार-रविवार मी याचा इतिहास वाचत बसले होते. वाचायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, की ही वेग वाढत गेल्याची गोष्ट असेल. तशी ती आहेच. पण खरी गोष्ट वेगळी निघाली. फाइल नेणं पन्नास वर्षांत फार सोपं झालं, पण फायलीबद्दल आपल्याला जे ठाऊक असतं ते तिच्याबरोबर नेणं मात्र दर वेळी मागे पडत गेलं.

सुरुवात करूया १९७१ पासून.

अर्पानेट तेव्हा नुकतंच उभं राहत होतं. त्याला जोडलेली कॉम्प्युटर एकमेकांसारखी मुळीच नव्हती. पीडीपी-१० चा शब्द ३६ बिटांचा, तर आयबीएम ३६० चा ३२ बिटांचा. अक्षरं साठवायची पद्धतसुद्धा निराळी. एका यंत्रावरची फाइल दुसऱ्या यंत्रावर नेली तर ती वाचता येईलच याची खात्री नाही. या घोळावर एमआयटीमधल्या एका भारतीय विद्यार्थ्याने उपाय लिहिला. त्याचं नाव अभय भूषण. आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचमधून १९६५ मध्ये बाहेर पडून तो अमेरिकेला गेला होता. एप्रिल १९७१ मध्ये त्याने लिहिलेला 'आरएफसी ११४' हा फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉलचा, म्हणजे आपल्या एफटीपीचा पहिला मसुदा. वेब यायला अजून जवळजवळ वीस वर्षं होती. गंमत म्हणजे ईमेलसाठी स्वतंत्र प्रोटोकॉल येईपर्यंत काही काळ टपालसुद्धा एफटीपीच्याच आज्ञा वापरून जायचं.

एफटीपीमागचा विचार साधा होता. समोरच्या यंत्रात फायली कशा ठेवतात ते वापरणाऱ्याला कळायची गरज नसावी. फाइल ही फाइल, बास. पुढे १९८५ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स यांनी आरएफसी ९५९ लिहून या प्रोटोकॉलला आजचं रूप दिलं.

आता या प्रोटोकॉलने फायलीचं काय काय नेलं ते बघा. आतला मजकूर नेला. नाव नेलं. संपलं. फाइल कुणाची, कधी लिहिली, शेवटचा हात कुणाचा लागला, यातलं काहीही नाही. हा त्या लोकांचा दोष म्हणता येणार नाही. ३६ बिटांच्या यंत्रावरून ३२ बिटांच्या यंत्रावर मजकूर धडपणे पोचला हेच तेव्हा खूप होतं. शिवाय 'मालक' आणि 'तारीख' या गोष्टी प्रत्येक यंत्रावर इतक्या वेगवेगळ्या होत्या, की सगळ्यांना चालेल अशी एक व्याख्या करणं अवघडच. पण परिणाम असा झाला, की एफटीपीने पाठवलेली फाइल समोरच्या सर्व्हरवर पोचली की तिथल्या घड्याळाप्रमाणे तिचा नव्याने जन्म व्हायचा. सर्व्हरला फायलीची तारीख नुसती विचारायची प्रमाणित सोय यायला मार्च २००७ उजाडलं, तो आरएफसी ३६५९. आणि त्यातसुद्धा तारीख विचारता येते, पाठवणाऱ्याला ती ठरवता येत नाही!

एफटीपीची आणखी एक सवय मोठ्या कामात नडते. प्रत्येक फायलीसाठी तो वेगळं डेटा कनेक्शन उघडतो, आणि ते बंद झालं की फाइल संपली असं समजतो. एक मोठी फाइल असेल तर याने काही बिघडत नाही. पण एक लाख छोट्या फायली असतील, आणि प्रत्येकीमागे नुसत्या रामराम-शामरामाला अर्धा सेकंद लागत असेल, तर हिशोब करा. पन्नास हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ चौदा तास, आणि यात खरा डेटा किती गेला ते धरलेलंच नाही. म्हणूनच "एकूण फक्त दहा जीबी आहे, तासाभरात होईल" असं कुणी म्हणालं की मी आधी फायली किती आहेत ते विचारते. रोगाचं नाव साईझ नसतं, संख्या असते.

यावर युनिक्सवाल्यांकडे एक जुना घरगुती उपाय होता, तो म्हणजे 'टार'. जानेवारी १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो आला. नाव 'टेप आर्काइव्ह'वरून पडलेलं, कारण मूळ काम टेपवर फायली लिहायचं. टार सगळ्या फायली एकामागे एक रचून त्यांचं एक गाठोडं करतो, आणि प्रत्येक फायलीच्या आधी ५१२ बाइटची एक चिठ्ठी लावतो. त्या चिठ्ठीत फायलीचं नाव, मालकाचा क्रमांक, परवानग्या, आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ असते. हे गाठोडं एफटीपीने पाठवलं तरी चालतं, कारण एफटीपीला आत काय आहे याच्याशी देणंघेणं नाही. तिकडे गाठोडं सोडलं की फायली आपापल्या मूळ तारखांसकट बाहेर येतात. लाख कनेक्शनं वाचली आणि तारखाही वाचल्या. एका दगडात दोन पक्षी.

डॉसच्या जगात हेच काम १९८९ पासून फिल कॅट्झच्या झिपने केलं. फक्त झिपने तारीख ठेवायची पद्धत डॉसची उचलली. त्यात वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने मोजतात आणि टाइम झोन नावाची गोष्टच नाही. अमेरिकेतल्या दहा वाजताची फाइल पुण्यात उघडली तरी ती दहा वाजताचीच! तरीही, काहीच नसण्यापेक्षा हे बरं.

१९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आरसिंक आणला. तो दोन्हीकडच्या फायली ताडून फक्त फरक पाठवतो, आणि सांगितलं तर तारखा, परवानग्या, मालक सगळं जपतो. म्हणजे विसाव्या शतकाच्या शेवटी युनिक्सवाल्यांचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला होता. पण 'सांगितलं तर' हे शब्द लक्षात ठेवा. न सांगता तो तारखा जपत नाही.

दरम्यान कंपन्यांमध्ये दुसरीच गोष्ट घडत होती. कागद फार झाले होते. १९९० मध्ये हॉवर्ड शाओ आणि जॉन न्यूटन यांनी 'डॉक्युमेंटम' ही कंपनी काढली. तिच्या सुरुवातीच्या ग्राहकांमध्ये विमानं बनवणारी बोइंग आणि औषधं बनवणारी सिंटेक्स होती. हे ग्राहक बघितले की या सॉफ्टवेअरची गरज का पडली ते लगेच कळतं. विमानाच्या माहितीपुस्तकाचं पान कुठल्या आवृत्तीचं आहे, किंवा औषधाच्या मंजुरीसाठी पाठवलेला अहवाल नेमका कधीचा आहे, हा तिथे हौसेचा प्रश्न नसतो. तिथे फाइल म्हणजे पुरावा. फायलीबद्दलची माहिती हीच तिथे अर्धी फाइल.

आता पंचाईत अशी, की असा सर्व्हर तर घेतला, पण त्यात फायली भरायच्या कशा? सुरुवातीला प्रत्येक कंपनीचं स्वतःचं वेगळं सॉफ्टवेअर. मग वेब आलं. नोव्हेंबर १९९५ च्या आरएफसी १८६७ मध्ये वेबपानावरून फाइल पाठवायची सोय आली, तेच ते 'ब्राउझ' बटण. एक फाइल निवडा, पाठवा, थांबा. परत निवडा, पाठवा, थांबा. दहा फायलींना ठीक आहे. दहा हजार फायलींना माणूस संन्यास घेईल.

या भानगडीतून वाट काढायला वेबडॅव्ह आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या जिम व्हाइटहेड यांनी या कामात पुढाकार घेतला आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये आरएफसी २५१८ प्रसिद्ध झाला. कल्पना मोठी सुरेख होती. वेब नुसतं वाचायला नाही, लिहायलाही वापरायचं. एचटीटीपीलाच नव्या आज्ञा जोडायच्या, म्हणजे फोल्डर करा, हलवा, कुलूप लावा, गुणधर्म विचारा, गुणधर्म लिहा. त्याच वर्षीच्या विंडोजवाल्यांना 'वेब फोल्डर' मिळालं. सर्व्हर आता माय कॉम्प्युटरमधल्या फोल्डरसारखा दिसायला लागला. शंभर फायली निवडा आणि सरळ ओढून टाका!

नावातल्या 'व्ही'ची गंमत सांगायलाच हवी. तो 'व्हर्जनिंग'चा 'व्ही'. पण आवृत्त्यांचं प्रकरण इतकं किचकट निघालं, की पहिल्या प्रमाणातून ते काढूनच टाकावं लागलं. ते आलं मार्च २००२ मध्ये, वेगळ्या आरएफसीतून. तीन वर्षं हा प्रोटोकॉल आपल्या नावातला एक अक्षर उधारीवर मिरवत होता म्हणायचं.

पण माझ्या दृष्टीने वेबडॅव्हमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याने गुणधर्मांचे दोन प्रकार केले, जिवंत आणि मृत. मृत म्हणजे तुम्ही द्याल ते सर्व्हर जसंच्या तसं ठेवून देणार, त्यात डोकं घालणार नाही. जिवंत म्हणजे त्याची जबाबदारी सर्व्हरची. आणि 'शेवटचा बदल कधी' हा गुणधर्म जिवंत आहे. तुमच्या फायलीची तारीख सर्व्हर सांगणार! का, तर ब्राउझरला आपली साठवलेली प्रत शिळी झाली का ते कळायला ही तारीख लागते. तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर आहे. सर्व्हरच्या लेखी 'बदल' म्हणजे माझ्याकडे ही वस्तू कधी बदलली. माणसाच्या लेखी 'बदल' म्हणजे हा मजकूर कुणीतरी शेवटचा कधी लिहिला. शब्द एक, अर्थ दोन. मायक्रोसॉफ्टने यावर विंडोजच्या तारखा वेगळ्या गुणधर्मांत पाठवायची स्वतःची सोय जोडली, पण समोरचा सर्व्हर ती पाळेलच असं नाही.

पुढचा इतिहास तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऑफिसात भोगलेला आहे, त्यामुळे भरभर सांगते. २००१ मध्ये शेअरपॉइंट आला. आधी त्याचा साठा एक्स्चेंजच्या तंत्रावर होता, २००३ मध्ये तो एसक्यूएल सर्व्हरवर गेला. २००३ मध्येच एका वेळी अनेक फायली चढवायची खिडकी आली, पण तिला तुमच्या मशीनवर ऑफिस बसवलेलं लागायचं. २००७ आणि २०१० च्या आवृत्त्यांत एका फायलीची मूळ मर्यादा ५० एमबी. पूर्ण पत्ता २६० अक्षरांत बसायला हवा. नावात टक्क्याचं चिन्ह, अँड, हॅश काही चालायचं नाही. म्हणजे 'आर अँड डी' असं चिन्ह वापरून लिहिलेलं फोल्डर आलं की गाडी अडली. पुढे यातली बरीच बंधनं सैल झाली. आपण मात्र त्या अडकलेल्या फायलींच्या नावांशी मारामारी करण्यात इतके गुंगायचो, की न अडकता गेलेल्या फायलींचं काय झालं हे बघायचं कुणाच्या लक्षात यायचं नाही.

न अडकता गेलेल्या फायलींचं काय होतं, ते मी एका कारखान्यात पाहिलं. नाव सांगत नाही. ओतीव भाग बनवणारी मध्यम आकाराची कंपनी. आमच्या टीमला बोलावलं तोवर फायली हलवून दीड वर्ष झालं होतं. ते काम दुसऱ्याच कुणीतरी एका शनिवारी उरकलं होतं. दोन लाखांच्या आसपास फायली. एकही हरवली नव्हती. संख्या जुळली, आकार जुळले, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि महिनाभराने जुना सर्व्हर पुसून भंगारात दिला.

दीड वर्षाने एका ग्राहकाने माल परत पाठवला. म्हणे भोकाचं माप चुकलंय. कंपनी म्हणते तुम्ही पाठवलेल्या ड्रॉइंगप्रमाणेच केलंय. ग्राहक म्हणतो ते ड्रॉइंग आम्ही त्याआधीच बदललं होतं. आता प्रश्न एवढाच, की सुधारित ड्रॉइंग ऑर्डरच्या आधी आलं की नंतर? सर्व्हरवर फोल्डर उघडलं तर तीन फायली. एक 'फायनल', एक 'फायनल नवीन' आणि एक 'फायनल नवीन २'. तिन्हींसमोर तारीख तीच, तो शनिवार. आणि 'कुणी बदललं' या रकान्यात तिन्ही ठिकाणी त्या काँट्रॅक्टरचं लॉगिन. दोन लाख फायली, वीस वर्षांचं काम, आणि सर्व्हरच्या मते हे सगळं एका माणसाने एका शनिवारी केलेलं!

फायलीच्या पोटात काही तारखा सापडतील म्हणून आम्ही शोधलं. काही सॉफ्टवेअर फायलीच्या आतही वेळ लिहून ठेवतात. पण या तिन्ही फायली ग्राहकाकडच्या, मध्येच रूपांतर केलेल्या. त्यातून ठाम काही निघेना. शेवटी मदतीला आले ड्रॉइंग ऑफिसमधले एक काका. निवृत्तीला सहा महिने राहिलेले. त्यांनी कपाटातून एक कागदी प्रिंट काढली. खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत ग्राहकाच्या ड्राफ्ट्समनने टाकलेली तारीख, आणि वरच्या कोपऱ्यात जांभळ्या शाईचा शिक्का, 'आवक', तारीख आणि काकांची सही. म्हणजे ड्रॉइंग केलं कधी आणि आमच्याकडे आलं कधी, दोन्ही एकाच कागदावर. भांडण तिथेच मिटलं. कंपनीचं म्हणणं खरं होतं. सुधारणा ऑर्डर सुरू झाल्यावर आली होती.

काका म्हणाले, "आवक-जावक रजिस्टर बंद केलं तेव्हाच मी सांगितलं होतं."

त्या शिक्क्यावरून मला पेशवे दप्तर आठवलं. विषयांतर वाटेल, पण नाहीये.

मराठेशाहीतलं मोडी पत्र वाचलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, की पत्राच्या शेवटी तारीख असते ती बहुधा 'छ' करून. छ म्हणजे चंद्र, आणि पुढे मुसलमानी महिना. पुष्कळ पत्रांत साल नसतंच! लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊकच असायचं, त्यात काय लिहायचं? पण पत्र पोचलं की दप्तरात त्यावर आणखी एक नोंद व्हायची, 'पैवस्ती'ची. पैवस्ती म्हणजे पोच. पत्र लिहिल्याची तारीख वेगळी, पैवस्तीची तारीख वेगळी, आणि दोन्ही त्याच कागदावर. मग ते पत्र आपल्या जागी, आपल्या रुमालात बांधलं जायचं. रुमाल म्हणजे दप्तराचं कापडी गाठोडं. पत्रावर साल नसलं तरी ते कुठल्या रुमालात, कुठल्या कागदांच्या शेजारी आहे यावरून त्याचा अंदाज बांधता येतो.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. ज्यांच्याकडे इनाम जमिनी होत्या त्यांनी सनदा दाखवायच्या, आणि त्या खऱ्या की खोट्या हे या दप्तराशी ताडून बघायचं. एखाद्या कागदाची तारीख खरी ठरते की नाही यावर घराण्याची जमीन राहणार की जाणार ते ठरायचं. हे दप्तर आजही पुण्यात आहे. १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाईंनी त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापून काढले, तेव्हा साल नसलेल्या कागदांची सालं आतल्या मजकुरावरून ठरवत बसणं हा त्या कामाचा मोठा भाग होता. विचार करा, एका आकड्यासाठी केवढी मेहनत!

युरोपातही हाच धडा घेतला गेला. १८४१ मध्ये फ्रान्समध्ये सरकारी परिपत्रक निघालं, की एका कचेरीतून आलेले कागद एकत्रच ठेवायचे, विषयवार वाटण्यासाठी त्यांची फाटाफूट करायची नाही. नाताली द वायी या गृहस्थांचं हे काम. कागद कुठून आला आणि कुणाच्या शेजारी होता, हीसुद्धा माहिती आहे, हे त्यामागचं तत्त्व. पुराभिलेखवाल्यांची सगळी विद्या पुढे याच पायावर उभी राहिली.

आता परत आपल्या सर्व्हरकडे या. कारखान्यातल्या त्या शनिवारी नेमकं काय झालं? सर्व्हरने दोन लाख फायलींवर पैवस्तीची तारीख लिहिली. त्यात काहीच गैर नाही, ती लिहायलाच हवी. पण ती त्याने मूळ तारखेच्या रकान्यात लिहिली. जागा एक, तारखा दोन, आणि नंतर आलेली जिंकली. साधा विंडोजचा कॉपी-पेस्टसुद्धा याहून समजूतदार आहे. तो बदलाची तारीख जुनी ठेवतो आणि निर्मितीची नवी घालतो. म्हणून कधीकधी फाइल जन्माच्या आधीच बदललेली दिसते. लोक त्याला हसतात, पण खरं तर ती मूळ तारीख आणि पैवस्ती दोन्ही सांगत असते!

यावरचे उपाय काही नवे नाहीत. डॉक्युमेंटमवाल्या जॉन न्यूटन यांनीच २००५ मध्ये जॉन पॉवेल यांच्याबरोबर अल्फ्रेस्को सुरू केलं. त्याच्या एकगठ्ठा आयातीत प्रत्येक फायलीशेजारी त्याच नावाची एक छोटी माहितीफाइल ठेवायची सोय आहे. त्यात लेखक, तारीख, प्रकार जे हवं ते लिहा. सर्व्हर दोन्ही एकत्र उचलतो. टारच्या चिठ्ठीचाच हा धाकटा भाऊ. शेअरपॉइंटच्या आजच्या स्थलांतराच्या साधनांनाही मूळ तारखा आणि नावं जपता येतात, अर्थात तिकडे त्या माणसांची खाती जुळवून दिली तर.

मला सगळ्यात आवडला तो 'बॅगइट'. अमेरिकेतली लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररी यांच्या कामातून तो निघाला, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये आरएफसी ८४९३ म्हणून प्रसिद्ध झाला. यात यंत्रं थोडी आणि शिस्त जास्त आहे. एक फोल्डर घ्या. आतल्या 'डेटा' फोल्डरमध्ये सगळ्या फायली. बाहेर एक यादी, तीत प्रत्येक फायलीचं नाव आणि तिचा चेकसम, म्हणजे वाटेत एक बिट जरी बदलला तरी कळणार. आणि आणखी एक साधी मजकूर-फाइल, तीत हे गाठोडं कुठल्या संस्थेचं, कुणाला विचारायचं, आत काय आहे आणि गाठोडं कधी बांधलं हे लिहायला जागा. बघा, गाठोडं बांधल्याची तारीख स्वतंत्र! फायलींच्या तारखांशी तिची भेसळ नाही. मला तर हा सरळसरळ रुमालच वाटतो, वरच्या नोंदीसकट.

थोडक्यात काय, तर तुमच्या ऑफिसात हे काम निघालं तर वेगाची चर्चा जरा बाजूला ठेवून तीन गोष्टी मागून घ्या. पहिली, हलवायच्या आधी जुन्या सर्व्हरची पूर्ण यादी काढा. फायलीचा पत्ता, आकार, मालक आणि सगळ्या तारखा. दोन लाख फायलींची यादी, ओळीमागे दीडशे अक्षरं धरली तरी ३० एमबीच्या आसपास होते. मोबाइलमधल्या एका छोट्या व्हिडिओएवढी! दुसरी, नव्या सर्व्हरवर 'मूळ तारीख' आणि 'मूळ लेखक' असे वेगळे रकाने करा, आणि सर्व्हरच्या स्वतःच्या रकान्यांना पैवस्तीचे रकाने समजा. तिसरी, आधी पन्नास फायली नेऊन त्यांच्या तारखा डोळ्यांनी बघा. फायली पोचल्या का एवढंच नव्हे, तर काय घेऊन पोचल्या ते बघा.

त्या कारखान्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. एका बॅकअप टेपवर जुन्या सर्व्हरच्या काही भागाची यादी सापडली, त्यावरून सुमारे एक तृतीयांश फायलींच्या तारखा परत लावता आल्या. उरलेल्यांसाठी काकांना रोज दोन तास बसवून महत्त्वाच्या ड्रॉइंगची सालं लिहून घेतली. मजकुरावरून, मापांवरून, कुठलं मशीन कधी आलं यावरून. तीन महिने चाललं ते. काका निवृत्त झाले त्या दिवशी यादीत चारशेच्या वर ड्रॉइंगना सालं लागली होती. बाकीच्या फायलींसमोर अजूनही तोच शनिवार आहे.